कानामागचा वास

ये पोरी, जवळ सरक जरा. तू पुण्यात अन् मी साखरखेर्ड्यात, तरी सरक. मावशीचं रागावणं दुरून गोड लागतं, म्हणून तुम्ही पोरी दूरच राहता. परवा तुझी आई फोनवर सांगत होती, तू झोपेत दात आवळतेस, सकाळी जबडा दुखतो, ऑफिसचा फोन वाजला की छातीत धडधड होते. अन् तिनं विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं, सगळ्यांनाच होतं असं." काऊन व? सगळ्यांना डेंग्यू झाला तर तूही रांगेत जाऊन उभी राहशील का?

झालं माझं रागावून. आता ऐक. तुला मेहकरच्या एका बाईंबद्दल सांगायचं आहे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मेहकरात लोक त्यांना वासवाल्या बाई म्हणतात. मी नुसतं बाई म्हणते.

बाई तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. शिकवायला नाही हं. बाटल्या धुणे, पोरांना ॲसिड मोजून देणे, फुटलेल्या काचा वेचणे, हे काम. पण तीस वर्षं बाटल्या धुता धुता त्या बाईनं प्राध्यापकांपेक्षा जास्त पाहिलं असेल. रिटायर झाल्यावर बाकीच्या बाया तीर्थाला जातात, ह्या नागपूरला जाऊन कुठलासा वर्ग करून आल्या. सर्टिफिकेट मिळालं, ते फ्रेम केलं, अन् कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं लावलं. मी विचारलं, भिंतीवर काऊन नाही? तर म्हणे, "भिंतीवर बुद्ध आहे. त्याच्या बाजूले माह्यं काय लावता?"

त्यांचं स्वयंपाकघर पाहिलं असतंस तर हसली असतीस. प्रेशर कुकरची शिट्टी काढलेली, तिथून तांब्याची नळी निघालेली, ती थंड पाण्याच्या बादलीतून वळसे घेऊन बाटलीत उतरलेली. कुकरात गवती चहा नाहीतर तुळस नाहीतर पुदिना. थेंब थेंब पाणी पडायचं अन् त्या पाण्यावर जरासं तेल तरंगायचं. एवढा भारा पाला शिजवून चमचाभर तेल! पण बाई त्याच्याकडं असं पाहत बसायच्या जशी गाय विणार आहे.

मालीश म्हटलेलं त्यांना खपत नसे. एक बाई माझ्यासमोर म्हणाली, "मालीश कराले आली मी." झालं! बाई म्हणाल्या, "मालीश पैलवानाची असते. तालीम तिकडं आहे, खालच्या गल्लीत. अठी आरोमाथेरपी होते." तो शब्द त्या इतका स्वच्छ म्हणायच्या की समोरची बाई घाबरून पदर डोक्यावर घ्यायची. अन् मग त्याच बाईला आत नेऊन, पाय गरम पाण्यात ठेवून, तळव्यापासून सुरुवात करायच्या.

फी म्हणून पाला. पैशाचं नाव नाही. ज्याच्या बांधावर जे उगवतं ते आणायचं. पण त्यातही नखरे बघ. भारा हातात घेतला, हुंगला, की सांगायच्या, "दुपारी कापला ना? उन्हानं अर्धा वास पेला याचा. परत न्या, गाईले टाका." माणूस बिचारा दहा कोसांवरून आलेला. पण दुसऱ्या वेळेस तो सकाळी दव असताना कापून आणायचाच.

मी त्यांच्याकडं कशी गेले ते सांगते. माझ्या पोराचा, तुझ्या दादाचा, चिखलीच्या रस्त्यावर गाडीचा अपघात झाला ते तुला माहीत आहे. संभाजीनगरच्या दवाखान्यात काचेच्या दाराबाहेर मी चाळीस दिवस बसले. तेव्हा मी रडले नाही, चक्कर आली नाही, सगळे म्हणाले मावशी मोठी खंबीर. पोरगा वाचला. काठी टेकत घरी आला, जेवायला लागला, कुत्र्यावर ओरडायला लागला. अन् पोरगा बरा झाला तशी मी बिघडले.

काय झालं, माझ्या मुठी उघडेनात. त्या दाराबाहेर मी मुठी आवळून बसायची, तशाच राहिल्या. जोर लावला की उघडायच्या, अन् लक्ष हटलं की परत बंद. तळहाताला नखांचे वण. भाकरी थापायला बसले की बोटं आपोआप आत वळायची, भाकरीला खळगे पडायचे. झोप तर नाहीच. कुणाचाही फोन वाजला की तोंड कोरडं. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट सगळे चांगले. मनावर ताण आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी छाती जरा थांबली, मुठी नाही थांबल्या. अन् सगळ्यात वाईट काय, तर दादा माझ्या हातांकडं पाहायचा अन् उठून बाहेर जायचा. एक दिवस म्हणाला, "माय, मी मेलो असतो त तुह्ये हात असेच राह्यले असते, अन् वाचलो तरी असेच. मंग मी वाचलो कायले?" तेव्हा मला कळलं, हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. ह्या मुठी उघडल्या नाहीत तर माझा पोरगा आतून बरा होणार नाही.

तोच मला बाईंकडं घेऊन गेला. त्या कॉलेजात तो शिकलेला होता.

पहिल्याच दिवशी बाईंनी दारात थांबवलं. निळा ॲप्रन, चष्मा दोरीला. चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. वासरू हुंगतं तसं माझ्या डोक्याभोवती हुंगल्या.

"बाम लावला?"

"हाव. डोकं दुखत होतं."

"केसाले बदामाचं तेल, अंगाले पावडर, पदराले अगरबत्तीचा वास. बाई, तुमी आल्या का किराणा दुकान आलं? जा, उद्या या. हे काहीच लावू नका. अगरबत्ती घरच्या दुसऱ्या कोनाले लावा म्हना."

तासभर बसमध्ये धक्के खाऊन आलेली मी! दादा हसला. तशा त्या त्याच्याकडं वळल्या. "तू काय हासतं बे? ती लांबी काचेची नळी फोडनारा तूच ना? वरून म्हने, बाई, ती आधीच फुटेल होती." अपघातानंतर पोरगा पहिल्यांदा लाजला, पोरी. तिथंच मी ठरवलं, उद्या यायचं.

दुसऱ्या दिवशी आमचे फोन त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवले. दादाला बाहेर बाकावर बसवलं. मला डोळे मिटायला सांगितले अन् कापसाचे बोळे एकेक नाकाशी धरले. बाटल्यांवर झाडाचं नाव नाही, नुसते नंबर. "नाव वाचलं की मानूस वास घेनं सोडते," म्हणाल्या. "चांगला का वाईट ते सांगू नका. काय दिसते ते सांगा." एक रजिस्टर होतं, कॉलेजातलं जुनं, त्यात लिहीत होत्या.

नंबर एकला मी म्हणाले, "चहा. पाहुने आले."

नंबर दोनला मी काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "राहू द्या. हात पाहा." मुठी घट्ट. ती निलगिरी होती, मला दवाखान्यासारखी वाटली.

नंबर तीनला म्हणाले, "लग्न. दुसऱ्याचं." बाई पहिल्यांदा हसल्या. मोगरा म्हटला की सगळ्या बायांना दुसऱ्याचंच लग्न दिसतं म्हणे.

नंबर चारला वाळ्याची ताटी दिसली, उन्हाळ्यात आमच्या बाबांच्या खोलीला लावायचे ती, तिच्यावर पाणी मारलेलं. जीव जरा खाली बसला.

अन् नंबर पाच. तो बोळा नाकाशी आला अन् मला माझी बाळंतिणीची खोली दिसली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा टाकलेला, धूर केसात शिरलेला, आई माझी पोटरी चोळते आहे अन् कुशीत हा पोरगा, लालभडक, मूठ तोंडात घालून झोपलेला. मी रडायला लागले. चाळीस दिवसांचं, अन् नंतरच्या चार महिन्यांचं, सगळं.

बाईंनी पाणी दिलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. रजिस्टरात लिहिलं. मग विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"पोरगा. हाच. बाहेर बसेल हाय तो."

"म्हंजे जिवंत आहे."

"हाव."

"मंग हे तुमच्या हाताईले कोन सांगंन? त्याईले अजून खबरच नाही भेटली."

तेवढ्यात तांदळाच्या डब्यात माझा फोन वाजला. तुला सांगते, तांदळात पुरलेला फोन कोणाची वाईट खबर देईल असं वाटतच नाही. मी दचकले नाही.

त्यांचं काम करणं असं. ओव्याचा अर्क तिखट, कातडीला लावत नाहीत. त्याचा एक थेंब गरम पाण्याच्या वाटीत टाकून बाजूला ठेवला. अंगाला तिळाचं तेल, त्यात मोजून चार थेंब वाळ्याचे. तेही आधी मनगटाच्या आत लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबल्या, आग होते का पाहायला. मुठीला हातच लावला नाही. खांद्यापासून उतरल्या, कोपराशी थांबल्या, मग मनगट. प्रयोगशाळेतलं घड्याळ समोर, एकेका हाताला ठरलेला वेळ. मी माझं दुःख सांगायला लागले की म्हणायच्या, "ते घरी सांगा. अठी फक्त वास घ्या." गोळ्यांचं विचारलं तर डोळे वटारले. "गोळ्या चालू ठेवा. बंद करनं डॉक्टरचं काम. गोळी तिचं करते, मी माह्यं करते."

तिसऱ्या खेपेला माझी बोटं एकेक करून आपोआप सुटली. मी पाहत राहिले. जणू दुसऱ्या बाईचा हात.

एकच नियम त्यांनी सांगितला होता: आज आंघोळ नाही. उद्या सकाळपर्यंत तेल अंगावर राहू द्यायचं, वास सोबत घरी न्यायचा. जाताना कानामागं बोटभर तेल लावायच्या, ते तर पुढच्या खेपेपर्यंत धुवायचंच नाही.

अन् पोरी, इथं मी चुकले.

आमच्या थोरल्या जाऊबाई तुला माहीत आहेत. मनानं वाईट नाही ती बाई, दवाखान्यात चाळीस दिवस डबा तिनंच पाठवला. पण मेहकरच्या बाई कोणत्या समाजाच्या हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. मी घरी पोचायच्या आधी मोरीत गरम पाण्याची बादली तयार. "आंगावर पानी घे अन् मंग घरात ये," एवढंच. अन् मी घेतलं. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, अन् पुढंही. मेहकरात मुठी उघडायच्या, साखरखेर्ड्यात मोरीतून बाहेर येईपर्यंत परत बंद. दादा विचारायचा, "काऊन होते असं?" मी म्हणायची, "बसमध्ये धक्के लागतात ना."

सहाव्या खेपेला बाईंनी नेहमीसारखं डोक्याभोवती हुंगलं, मग माझा कान हातानं पुढं वळवून मागचा वास घेतला. रजिस्टर मिटलं.

"कानामागं काहीच नाही. धुतलं?"

"जरा तेलकट वाटत होतं, बाई."

"हात पाहा तुमचे."

दोन्ही मुठी गच्च. खोटं बोलताना वळल्या होत्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून समोर बसल्या, चष्मा पुसला. म्हणाल्या, "तीस वर्सं कॉलेजात लोकाईले पानी देल्लं मी. कोनी घेतलं, कोनी नाही घेतलं, कोनं गिलास खिडकीतून वतला, सारं याद आहे. तठी कोनाले इचारलं नाही, नोकरी होती. हे माह्यं घर आहे. अठी इचारते. काऊन धुतलं?"

"तेलकट..." मी परत तेच सुरू केलं.

"घरी जा. दार बंद नाही करून राह्यली मी. पन खरं सांगाचं असंन तवा या. तुमी तेल धुवाले लागल्या त माह्या हातानं तुमच्या मुठी नाही उघडनार. हे मी रागानं नाही सांगून राह्यली. तसं होतच नाही."

त्या दिवशी तेलही लावलं. हो! एवढं बोलून वर पूर्ण वेळ हात चोळून दिले. तेच मला जास्त लागलं.

परतीच्या बसमध्ये मी माझ्या हातांकडं पाहत बसले. जाऊबाईचं नाव पुढं करणं सोपं होतं. पण पहिल्या दिवशी बादली पाहून मलाच बरं वाटलं होतं, हे मला आठवलं. लहानपणापासूनची सवय, अंगात मुरलेली. माझ्या पोराला हसवणारी बाई, माझे हात सोडवणारी बाई, अन् मी तिचा स्पर्श धुऊन घरात शिरत होते.

घरी आले. बादलीतून वाफ निघत होती. दादा ओट्यावर बसलेला.

"पानी निवून राह्यलं व," जाऊबाई म्हणाली.

"निवू द्या. आज नाही करत आंघोळ."

"काय म्हनली?"

"नाही करत. उद्या सकाळी करीन."

 सरळ स्वयंपाकघरात गेले, परात घेतली, पीठ घेतलं. जाऊबाई दारात उभी. "त्याच आंगानं सैपाक करून राह्यली? माही आज एकादशी हाय, मी नाही जेवत." दादानं उठून कॅलेंडर पाहिलं अन् म्हणाला, "मोठ्या माय, आज त सप्तमी हाय."

"माह्यी हाय!" ती म्हणाली अन् निघून गेली.

मी भाकरी थापली. पहिलीला खळगे पडले. दुसरीला थोडे. तिसरी, तुला खरं सांगते, सपाट नव्हती पण तिच्यावर नखं नव्हती. दादानं तीच घेतली. तुकडा मोडला, हुंगला. "माय, याले वास येते."

"कायचा?"

"माहीत नाही. चांगला हाय." अन् खाता खाता माझ्या हातांकडं पाहिलं, अन् उठून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं. कितीतरी महिन्यांत अशी झोपले नव्हते. धडपडत उठले तर चूल पेटलेली, चहा झालेला, जाऊबाई भांडी घासत होती. माझ्याशी बोलली नाही. पण मला उठवलंही नव्हतं तिनं.

मी तशीच मेहकरला गेले अन् बाईंना खरं सांगितलं. घरचा धाक होता, अन् धाकाआड माझीही इच्छा होती, हेही. त्या ऐकत राहिल्या. मग कान पुढं वळवला, हुंगल्या. "आहे," म्हणाल्या. बस, तेवढंच. अन् रजिस्टर उघडलं.

लगेच सगळं बरं झालं असं समजू नकोस. सहा महिने गेले. मध्ये दोनदा परत मुठी वळल्या, एकदा दादानं गाडीची किल्ली मागितली तेव्हा तर पुरत्या. पण उघडायच्या. डॉक्टरांनी मग हळूहळू गोळ्या कमी केल्या. आता दादा पंचायतीत नोकरीला जातो, गाडीनं जातो, अन् मी दारात उभी राहून हात हलवते. उघडा हात.

जाऊबाईनं बादली ठेवणं कधी सोडलं, माझ्या लक्षातही आलं नाही. एकदा माझ्याजवळ बसून शेंगा फोडता फोडता म्हणाली, "कायचं तेल हाय व हे? डोकं हलकं वाटते." मी म्हटलं वाळा. पुढच्या खेपेला तिनं पहाटे उठून बांधावरचा गवती चहा कापला, ओल्या फडक्यात बांधला अन् माझ्या पिशवीत कोंबला. "त्या बाईले दे. दवाचा हाय म्हना." बाईंनी भारा हुंगला, बराच वेळ. परत न्या म्हणाल्या नाहीत. त्याच दिवशी कुकर लावला.

अन् गेल्या आठवड्यात जाऊबाई स्वतः म्हणाली, "त्याईले जेवाले बोलाव एकदिस. मलेबी काही इचाराचं हाय." तिलाही झोप नाही, दोन वर्षांपासून. कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्यासारखीच.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी अटी घातल्या, घालणारच. त्या दिवशी घरात अगरबत्ती नको. फोन डब्यात. अन् मग चष्मा पुसत म्हणाल्या, "एक आहे. मी वट्यावर जेवत नाही. सैपाकघरात, चुलीजवळ, तुमच्या जावेच्या बाजूले बसून जेवीन. इचारून सांगा."

तुला सांगते, हे घरी येऊन विचारताना माझी बोटं वळायला लागली होती. जाऊबाई भाजी चिरत होती. ऐकलं. विळी थांबली. मला वाटलं, गेलं सगळं. मग ती भडकलीच माझ्यावर.

"मंग काय गोठ्यात जेवाडनार होती मी त्याईले? इचारते काय अशी येड्यावानी! वांगे आवडतात का त्याईले, ते इचार आधी."

येत्या रविवारी येणार आहेत त्या. दादा मेहकरला जाऊन घेऊन येणार आहे. तू शनिवारीच ये व पोरी. शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बस, सकाळी मेहकरला उतर, मी स्टँडवर उभी राहते. रजा मिळत नाही असं सांगू नकोस, आजारी पडलीस तर देतीलच ना ते रजा? मग पडायच्या आधीच घे. पावडर, सेंट काही लावू नकोस, नाहीतर बाई दारातून परत पाठवतील. बाकी काही आणू नको. ये फक्त. लवकर ये.